नोकरी सांभाळून कोर्स करायचाय? पैसे भरण्याआधी एवढं तपासा

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. दोन वर्षांपूर्वी मी डेटा ॲनालिटिक्सचा एक खासगी ऑनलाइन कोर्स घेतला. फोनवर 'नो कॉस्ट ईएमआय' असं सांगितलं गेलं, मी ओटीपी दिला. तिसऱ्या महिन्यात ऑफिसचं काम वाढलं आणि कोर्स सुटला. हप्ता मात्र पुढचे नऊ महिने खात्यातून कापला जात होता.

कारण ती क्लासची फी नव्हतीच, माझ्या नावावर काढलेलं कर्ज होतं. अशा व्यवहारात वित्तसंस्था क्लासला पैसे एकदम देते आणि आपण त्या संस्थेचे कर्जदार होतो. क्लास बंद केला तरी कर्ज बंद होत नाही. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले. त्यानुसार कर्ज घेण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मिळायलाच हवं. त्यात वार्षिक व्याजदर असतो, शिवाय किती दिवसांत कर्जातून बाहेर पडता येईल तेही असतं. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की दंड लागत नाही. हा कागद मी उघडलासुद्धा नव्हता.

पदवी हवी असेल तर

दूरशिक्षणाची पदवी घ्यायची असेल तर यूजीसीच्या डीईबी पोर्टलवर विद्यापीठ आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम, दोन्ही शोधा. विद्यापीठ मान्यताप्राप्त असलं म्हणून त्याचा प्रत्येक कोर्स मान्य असतोच असं नाही. आपल्याकडचे ओळखीचे पर्याय म्हणजे १९७१ पासून दूरशिक्षण देणारं मुंबई विद्यापीठ (शीवहून कलिना जवळच), १९८५ चं इग्नू आणि १९८९ चं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. २०२४ पासून प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो आणि तो काढायला एबीसी आयडी लागतो. दोन्ही मोफत निघतात, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

एखादी कंपनी 'अमुक विद्यापीठाची पदवी आमच्यामार्फत' म्हणत असेल तर सावध व्हा. विद्यापीठांनी फ्रँचायझी पद्धतीने दूरशिक्षण किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवू नयेत, असा इशारा यूजीसीने जानेवारी २०२२ मध्येच दिला होता.

फक्त एक विषय शिकायचा असेल तर

इथे माझं मत स्पष्ट आहे: आधी 'स्वयम' बघा. हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. त्यावरचे इंजिनिअरिंग, कॉम्प्युटरचे बरेच कोर्स एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांचे असतात. शिकणं मोफत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी, आणि ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. म्हणूनच त्या कागदाला वजन आहे. घरी व्हिडिओ पुढे ढकलून मिळालेल्या सर्टिफिकेटला मुलाखतीत कोण विचारतो?

एनपीटीईएलचा हिशोब असा: असाइनमेंटला २५ गुण, परीक्षेला ७५. पास व्हायला पहिल्यात किमान १० आणि दुसऱ्यात किमान ३० लागतात. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. म्हणजे गणपतीत एखादा आठवडा बुडला तरी चालतं. नोकरी करणाऱ्याला ही सवलत फार मोलाची वाटते. अडचण एकच, बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत आहेत.

कॉम्प्युटरचीच सवय नसेल तर थेट यात उडी मारू नका. एमकेसीएलचा एमएससीआयटी २००१ पासून चालू आहे, मराठीतून होतो, आणि राज्य सरकारी नोकरीत तो मागतातही.

वेळेचं काय?

दादरचा क्लास शीवपासून दोनच स्टेशनं, पण संध्याकाळी सातला ती लोकल पकडून बघा. जाऊन येऊन तास-दीड तास जातो. तरीही समोर शिक्षक असल्याशिवाय ज्यांचा अभ्यास होत नाही त्यांनी तो तास खुशाल द्यावा. फक्त आधी एक तासिका बसून बघू द्या म्हणून सांगा. नाही म्हणाले तर उठून या.

मी सध्या आयआयटी रोपडचा 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन' करतोय. पहिले दोन आठवडे एक रुपयाही न भरता नुसते व्हिडिओ बघितले, आठवड्याला चार तास खरंच निघतात का ते वहीत मांडलं. निघाले साडेतीन. मग रविवारची दुपार त्यात घातली आणि नंतरच परीक्षेची फी भरली.