डीमॉनिक रेझरेक्शन

डीमॉनिक रेझरेक्शन : मुंबईतील एक मेटल वाद्यवृंद. स्थापना २०००. संस्थापक, प्रमुख गायक व गिटारवादक साहिल माखिजा (टोपणनाव ‘डीमनस्टीलर’). डेथ मेटल आणि ब्लॅक मेटल या रॉक संगीताच्या दोन अतिउग्र प्रकारांचा मेळ घालून स्वतःची इंग्रजी गीते रचणाऱ्या भारतातील आरंभीच्या वृंदांत त्याची गणना होते. वृंदाच्या नावाचा अर्थ ‘आसुरी पुनरुत्थान’ असा आहे. पुढील काळात वृंद अनेकदा मोडकळीस येऊन पुन्हा उभा राहिला, त्यामुळे हे नाव त्यास अनपेक्षितपणे लागू पडले.

डेथ मेटल हा प्रकार अमेरिकेत १९८०–९० या दशकाच्या मध्यास उदयास आला. कॅलिफोर्नियातील ‘पझेस्ड’ या वृंदाची सेव्हन चर्चेस (१९८५) आणि फ्लॉरिडातील ‘डेथ’ या वृंदाची स्क्रीम ब्लडी गोर (१९८७) या त्याच्या पायाभूत ध्वनिमुद्रिका होत. गिटारीच्या तारा नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावलेल्या असतात. ढोलांची गती अतिद्रुत असते व मोठा ढोल दोन्ही पायांनी वाजविला जातो. गायक घशाच्या तळातून गुरगुरल्यासारखा आवाज काढतो. शब्द कळावेत अशी अपेक्षा बहुधा नसतेच. मृत्यू, रोग, युद्ध व नरक हे गीतांचे ठराविक विषय. प्रथम ऐकणारास हा केवळ गोंगाट वाटतो. परंतु भयानक आणि बीभत्स यांना रसांत स्थान देणाऱ्या भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकास या विषयांचे विशेष आश्चर्य वाटू नये. शिवाय द्रुत लयीत अचूक वादन करण्यासाठी येथे लागणारी मेहनत कोणत्याही शिस्तबद्ध संगीताइतकीच कठोर असते. ब्लॅक मेटलला १९९० नंतर नॉर्वेत विशेष बहर आला. त्यात कर्कश चीत्कार व गूढ वातावरणनिर्मिती यांवर भर असतो.

या संगीतास ‘भूमिगत’ म्हणण्याचा प्रघात आहे. मराठी वाचकास हा शब्द बेचाळीसच्या चळवळीची आठवण करून देतो. येथे मात्र त्यात बेकायदेशीर असे काही अभिप्रेत नाही. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांनी ज्याची दखल घेतली नाही आणि जे टपालाने पाठविलेल्या ध्वनिफितींच्या देवघेवीतून देशोदेशी पसरले, ते भूमिगत. या मार्गाने येणारी कीर्ती मोठी असली, तरी मिळकत तुटपुंजीच असे. ‘डेथ’ वृंदाचा प्रवर्तक चक शुल्डिनर याची कारकीर्द बोलकी आहे. १९८३ मध्ये ‘मँटास’ या नावाने सुरू केलेला आपला वृंद त्याने जवळजवळ प्रत्येक ध्वनिमुद्रिकेसाठी नव्याने जमविला आणि मेंदूतील अर्बुदाने २००१ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

मुंबईत रॉक संगीताची परंपरा यापूर्वीची आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या वृंदाने (गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर इ.) पाश्चात्त्य गीतांच्या नकला करण्याऐवजी स्वतःची गीते श्रोत्यांपुढे मांडण्याचे धाडस केले. पुढे ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतलेला हा वृंद १९९७ मध्ये विसर्जित झाला. १९८६ पासून धोबीतलाव भागातील रंगभवन या खुल्या प्रेक्षागारात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. त्या काळी नव्या वृंदांना दुसरे व्यासपीठ म्हणजे महाविद्यालयीन स्पर्धांचे. मुंबईच्या भारतीय तंत्रशास्त्र संस्थेतील ‘मूड इंडिगो’ हा महोत्सव त्यांपैकी प्रमुख होय.

डीमॉनिक रेझरेक्शनची स्थापना झाली त्याच वर्षी, म्हणजे २००० मध्ये, केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषण नियम जारी केले. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचा किमान १०० मी. परिसर शांतता क्षेत्र ठरविण्याची तरतूद त्यांत असून तेथील ध्वनिमर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे. महाविद्यालय व रुग्णालये यांच्या शेजारी असलेले रंगभवन या क्षेत्रात आले आणि तेथील रॉक कार्यक्रम थांबले. नियम योग्यच होते. रुग्णाच्या उशाशी विद्युत गिटारी वाजाव्यात, असे कोणी म्हणणार नाही. तथापि गेलेल्या जागेच्या बदल्यात शहराने दुसरी जागा दिली नाही, हेही खरे. मेटल वृंदांना जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’सारख्या क्लबांचा आश्रय शोधावा लागला, कालांतराने तोही बंद पडला.

मुंबईतील या संगीताच्या हालअपेष्टा सांगताना धर्माचा रोष किंवा शासनाची बंदी यांकडे बोट दाखविले जाते. डीमॉनिक रेझरेक्शनच्या बाबतीत मात्र खरी अडचण संस्थांच्या अभावाची होती. जागा नाही, हे ध्वनिमुद्रण जाणणारा तंत्रज्ञ नाही, मुद्रिका काढणारी कंपनी नाही आणि ढोलवादक तर दुर्मिळच. गिटार खोलीत बसून शिकता येते. ढोलांचा संच मुंबईच्या सदनिकेत रोज चार तास वाजविणे शेजाऱ्यांच्या कृपेवाचून अशक्य. डेथ मेटलचा तर सारा डोलारा ढोलांवर उभा असतो.

वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका डीमनस्टीलर (२०००) हिच्यानंतर दुसरी, ए डार्कनेस डिसेंड्स, निघण्यास पाच वर्षे लागली (२००५). सदस्य वारंवार बदलत राहिले. आरंभापासून टिकून राहिलेला एकमेव सदस्य माखिजा हाच. जे मिळत नव्हते ते त्याने स्वतः उभे करण्यास सुरुवात केली. स्वतःचे ध्वनिमुद्रणगृह थाटले. ‘डीमनस्टीलर रेकॉर्ड्‌स’ ही संस्था काढून आपल्याबरोबर इतर भारतीय वृंदांच्याही मुद्रिका प्रसिद्ध केल्या. ‘रेझरेक्शन’ या नावाने महोत्सव भरविला. वृंदाच्या गीतांपेक्षाही हे कार्य कदाचित अधिक टिकाऊ ठरेल. मुंबईत पुढे ‘भयानक मौत’ (२००३), ‘गटस्लिट’ इ. वृंद उदयास आले, तेव्हा या संगीताचा एक लहानसा परंतु निष्ठावंत श्रोतृवर्ग शहरात तयार होऊ लागला होता.

बियाँड द डार्कनेस (२००७) ही लघुमुद्रिका आणि द रिटर्न टू डार्कनेस (२०१०) यांसह दुसऱ्या मुद्रिकेपासून सुरू झालेली अंधाराची कथात्रयी पूर्ण झाली. सॅम डन व स्कॉट मॅकफेडन यांच्या ग्लोबल मेटल (२००८) या अनुबोधपटात माखिजा दिसला. भारतातील श्रोत्यांची संख्याही या सुमारास उघड झाली : ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश वृंदाने मार्च २००७ मध्ये बंगलोर येथे व फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत कार्यक्रम केले. २०१० हे वर्ष डीमॉनिक रेझरेक्शनच्या उत्कर्षाचे. ‘कँडललाइट’ या ब्रिटिश कंपनीने त्याची मुद्रिका परदेशात प्रसिद्ध केली. नॉर्वेतील ‘इन्फर्नो’ महोत्सवात त्याचे वादन झाले आणि मेटल हॅमर या ब्रिटिश मासिकाचा जागतिक मेटलसाठीचा ‘गोल्डन गॉड्स’ पुरस्कार त्यास मिळाला.

सन्मानाने निर्वाहाचा प्रश्न मात्र सुटला नाही. परदेशी महोत्सवात अर्ध्या तासाचे वादन म्हणजे पाच जणांचे विमानभाडे, प्रवेशपरवाने आणि वाद्यांची वाहतूक. माखिजाने मेटल संगीतकारांसमवेत पाककृती करण्याचा ‘हेडबँगर्स किचन’ हा चित्रफितींचा कार्यक्रम सुरू केला होता. पुढे तो अल्पकर्बोदकी आहाराकडे वळला आणि संगीताला कधी लाभला नाही एवढा मोठा जगभरचा प्रेक्षकवर्ग त्यास लाभला. उपजीविका चुलीवर आणि साधना गिटारीवर, अशी ही विभागणी हौशी नाटकमंडळींच्या इतिहासाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास नवी वाटणार नाही.

द डीमन किंग (२०१४) नंतर आलेली दशावतार (२०१७) ही वृंदाची पाचवी पूर्ण ध्वनिमुद्रिका. मत्स्यापासून कल्कीपर्यंत विष्णूच्या प्रत्येक अवतारावर एक, अशी तीत दहा गीते असून बुद्धासही नववे स्थान दिले आहे. विद्युत गिटारींच्या जोडीस भारतीय वाद्ये योजिली आहेत. नॉर्वेजियन वृंद आपल्या पूर्वजांच्या देवदेवतांकडे वळले त्या धर्तीवर हा प्रयत्न झाला, असे म्हणता येईल. मात्र कोकणच्या दशावतारी खेळात असुरांचा आरडाओरडा, मुखवटे व झांजमृदंग यांची जी धमाल असते, ती पाहिलेल्या रसिकास कथावस्तू आणि उग्र नाद यांचे नाते उसने वाटणार नाही. स्तब्ध भारतीय अंश व आघाती पाश्चात्त्य अंश क्वचित नुसतेच शेजारी उभे राहतात. नरसिंहासारख्या विषयात मात्र रौद्र रसाला ही शैली विशेष साधते.

यापूर्वीच माखिजाने ‘डीमनस्टीलर’ या नावाने स्वतंत्र मुद्रिकाही काढण्यास प्रारंभ केला होता. त्यांपैकी धिस बर्डन इज माइन (२०१६) हिच्यातील ढोल ‘नाइल’ या अमेरिकन वृंदातील ग्रीक वादक जॉर्ज कोलियस याने वाजविले आहेत. ढोलवादकाचा जुना प्रश्न अशा रीतीने अंतराची अट मोडून सोडविण्यात आला. द प्रोपगंडा मशीन (२०२३) या मुद्रिकेत अनेक देशांतील वादकांचा सहभाग असून तिचा विषय आसुरी पुराणकथांचा नव्हे, तर खोट्या राजकीय प्रचाराचा आहे.