हृदयातील आडवाट

हृदयाचा ठोका विद्युत्‌संदेशाने पडतो. वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत तो संदेश एका बारीक तंतुसमूहातून उतरतो. विल्हेल्म हिस या शरीरशास्त्रज्ञाने १८९३ साली त्याचे वर्णन केले. काही माणसांच्या हृदयात मात्र जन्मतःच आणखी एक आडवाट असते. संदेश एका वाटेने उतरून दुसरीने परत चढतो आणि ठोके अकस्मात मिनिटास दोनशेच्या घरात जातात. वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट यांनी १९३० साली या विकाराचे वर्णन केले. ती वाट शस्त्राने छेदण्यास मात्र १९६८ साल उजाडले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी एका कोळ्याची छाती उघडून ती तोडली व तो बरा झाला.

एवढे मोठे शस्त्रकर्म प्रत्येकास झेपणारे नव्हते. सोपा मार्ग दाखविला तो एका अपघाताने! पॅरिसमध्ये एका रोग्याच्या हृदयात तपासणीची तार असतानाच छातीवर विजेचा धक्का द्यावा लागला. प्रवाह तारेतून आत शिरला आणि हिसचा तंतुसमूह कायमचा निकामी झाला. ही हकीकत १९७९ साली प्रसिद्ध झाली. जे चुकून घडले ते हेतुपूर्वक का करू नये? सॅन फ्रान्सिस्कोचे मेल्विन शाइनमन व ड्यूकचे जॉन गॅलाघर यांनी ते केले. त्यांचे वृत्तांत १९८२ साली आले.

यात ठोक्यांचा उच्छाद थांबे खरा, परंतु राजमार्गच तुटल्यामुळे रोगी जन्मभर पेसमेकर यंत्राच्या अधीन होई. आम्हां वकिलांच्या भाषेत सांगावयाचे तर आरोपी सापडत नाही म्हणून साक्षीदारासच शिक्षा! शिवाय त्या धक्क्याने हृदयात लहानसा स्फोटच होई.

ही उणीव रेडिओ-लहरींच्या उष्णतेने भरून काढली. तारेच्या टोकाशी काही मिलिमीटर भागच भाजला जातो. त्यामुळे नेमकी आडवाट जाळून राजमार्ग राखता येतो. ओक्लाहोमाच्या वॉरन जॅकमन यांनी १९९१ साली १६६ रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी १६४ जणांच्या आडवाटा बंद झाल्या होत्या. मला या इतिहासातील खरी क्रांती येथे दिसते.

वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर हा विकार अधिक हट्टी. तिची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांत पडते, हे बोर्दोच्या मिशेल हाइसागेर यांनी १९९८ साली दाखविले. तेव्हापासून त्या वाहिन्यांभोवती डाग देऊन त्यांचा संबंध तोडतात. तरीही कित्येकांची थरथर परतते. सर्व उपाय थकले की राजमार्ग तोडून पेसमेकर बसविण्याचा तो १९८२ सालचा तोडगा वैद्य आजही काढतात. फक्त धक्क्याच्या जागी आता उष्णता वापरतात.