उपहासात्मक कौटुंबिक अ‍ॅनिमेशन मालिका : बालयोग्यता

एका कुटुंबाच्या रोजच्या जगण्यातून समाजाची खिल्ली उडवणाऱ्या विनोदी अ‍ॅनिमेशन मालिका मुलांना दाखवाव्यात का, कोणत्या वयापासून आणि कोणत्या रूपात, याचा निर्णय. या मालिका कार्टूनसारख्या दिसत असल्या, तरी त्यांतील पुष्कळशा मुळात मोठ्यांसाठी लिहिलेल्या असतात. दिसणे आणि उद्देश यांतील या तफावतीमुळे वाहिन्या, शासन आणि पालक यांच्यात वारंवार वाद झाले. भारतात त्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘शिन-चॅन’, तर बहरीनसह अरब देशांत ‘द सिम्पसन्स’ची अरबी आवृत्ती.

पूर्वपीठिका : अमेरिकेत ए.बी.सी. वाहिनीवर १९६० मध्ये सुरू झालेली ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही या प्रकारातील आरंभीची प्रमुख मालिका. ती रात्रीच्या मुख्य वेळेत दाखवली जाई आणि आरंभी तिच्या प्रायोजकांत सिगारेटचा ब्रँड होता. मॅट ग्रोनिंग यांची ‘द सिम्पसन्स’ डिसेंबर १९८९ मध्ये फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. कामचुकार बाप होमर, व्रात्य मुलगा बार्ट आणि त्यांना सांभाळून घेणारी आई या त्रिकोणातून तिने अमेरिकी मध्यमवर्गाची टर उडवली.

मराठीत अशी अ‍ॅनिमेशन मालिका रुजली नसली, तरी कौटुंबिक उपहास जुना आहे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर दिलीप प्रभावळकरांनी साकारले, तेव्हा मुले चिमणरावांच्या फजितीला हसत आणि मोठी माणसे पांढरपेशा वर्गाच्या दिखाऊपणाला. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेल्या ‘चिंटू’ या चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या चित्रमालिकेत व्रात्यपणा होता. मात्र ती लहानमोठ्यांनी एकत्र वाचावी अशीच बेतलेली होती.

शिन-चॅनचे प्रकरण : योशितो उसुई यांची ही चित्रकथा १९९० मध्ये प्रौढ वाचकांच्या जपानी साप्ताहिकात आली आणि १९९२ मध्ये टीव्ही असाही वाहिनीने तिची मालिका केली. कासुकाबे या टोक्योजवळच्या शहरात राहणारे नोहारा कुटुंब, घराचे न संपणारे कर्ज, नोकरीपायी दमलेला बाप, चिडकी आई आणि पाच वर्षांचा आगाऊ शिन्नोसुके हा तिचा ऐवज. आईला उलट उत्तरे देणे, तरुण मुलींशी लगट करणे आणि कपडे काढून नाचणे या त्याच्या सवयींमुळे जपानमध्येही पालक-शिक्षक संघटनांच्या पाहण्यांत ‘मुलांनी पाहू नये’ अशा कार्यक्रमांत तिचे नाव येत राहिले.

२००६ मध्ये ही मालिका दोन देशांत अगदी उलट दिशांनी पोहोचली. अमेरिकेत ‘अ‍ॅडल्ट स्विम’ या प्रौढांसाठीच्या रात्रीच्या प्रसारणात ती नव्याने लिहिलेल्या बोचऱ्या संवादांसह आली. भारतात त्याच वर्षी हंगामा टीव्ही या मुलांच्या वाहिनीने ती दाखवायला घेतली. मुले शिन-चॅनसारखी बोलू लागल्याच्या तक्रारी वाढल्यावर २००८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने तिच्यावर बंदी घातली. पुढच्या वर्षी काटछाट करून ती परतली आणि लोकप्रियही राहिली.

अरब देशांतील रूपांतर : एम.बी.सी. या तेव्हा दुबईस्थित असलेल्या उपग्रह वाहिनीने २००५ च्या रमजानमध्ये ‘अल् शमशून’ या नावाने ‘द सिम्पसन्स’ दाखवली. होमरचा उमर झाला, बार्टचा बद्र. उमरला आवाज दिला इजिप्तचे विनोदी नट मोहम्मद हेनेदी यांनी. बिअरच्या जागी शीतपेय आले, डोनटऐवजी काहक ही ईदची बिस्किटे. मद्यालयाचे प्रसंग गाळले गेले. उपग्रह वाहिनीला सरहद्द नसल्याने मनामापासून सखीरपर्यंत बहरीनच्या घरांत ती सहज पोहोचण्याजोगी होती. तरीही प्रयोग फसला आणि प्रसारण लवकरच थांबले. होमरची बिअर हे त्याच्या आळसाचे व पळवाटेचे चिन्ह आहे. ती काढल्यावर मुलांना अयोग्य गोष्ट गेली, पण मोठ्यांसाठीचा विनोदही गेला.

नियमन : भारतात केबल दूरचित्रवाणी जाळे नियम, १९९४ मधील कार्यक्रम संहितेनुसार मुलांच्या कार्यक्रमांत असभ्य भाषा व हिंसेची उघड दृश्ये नसावीत आणि मुले सर्वाधिक संख्येने पाहतात त्या वेळी त्यांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत. २०११ मध्ये वाहिन्यांच्या संघटनेने प्रेक्षकांच्या तक्रारींसाठी स्वनियमन परिषद स्थापली. प्रौढांसाठीच्या मजकुराला रात्री ११ ते पहाटे ५ ही वेळ ठरली. ओटीटी मंचांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘यू’, ‘यू/ए ७+’, ‘यू/ए १३+’, ‘यू/ए १६+’ आणि ‘ए’ असे वर्ग ठरवले; १३+ व त्यावरील मजकुराला पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय बंधनकारक केली.

निकष : पहिला निकष मूळ प्रेक्षकवर्ग : प्रौढ साप्ताहिकातून किंवा रात्रीच्या वेळेतून आलेली मालिका मुलांच्या वाहिनीवर गेली म्हणून मुलांची ठरत नाही. दुसरा उपहासाची समज. बोलल्या शब्दांपेक्षा वेगळा अर्थ ओळखणे साधारण सहा ते आठ वर्षांच्या सुमारास सुरू होते आणि किशोरवयापर्यंत पक्के होत जाते. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाला बापाची थट्टा ही थट्टा न वाटता वागण्याचा नमुना वाटू शकतो. तिसरा निकष अनुकरणाचा : कार्टूनमधल्या डोक्यावर ऐरण पडण्याची नक्कल घरात होत नाही, उद्धट उत्तराची लगेच होते. चौथा आवृत्तीचा : इंग्रजी, हिंदी वा अरबी संवाद वेगळे असल्याने एकाच नावाच्या मालिकेचा वयोगट बदलतो. भारतीय वाहिन्या, अरबी वाहिन्या आणि ओटीटी अशा तिन्ही मार्गांनी मालिका पाहू शकणाऱ्या आखातातील मराठी कुटुंबांना हा निकष विशेष लागू पडतो.

मूल्यमापन : काटछाटीने मद्य, नग्नता आणि शिव्या काढता येतात, कथेचा रोख नाही. शिन-चॅनमधून दृश्ये गेली तरी आईला उलट बोलणारा मुलगाच नायक राहिला. अल् शमशूनमधून बिअर गेली तेव्हा उपहास पातळ झाला. म्हणून वयाचा शिक्का व कात्री यांच्या जोडीला पालकाने आधी एखादा भाग स्वतः पाहणे आणि नंतर मुलासोबत बसून ‘हा असा का वागला?’ असे विचारणे ही या प्रकारासाठी अधिक उपयुक्त पद्धत ठरते. मुलाच्या उत्तरावरून त्याला उपहास उमगला की केवळ वात्रटपणा आवडला, हे कळते. मालिका आत्ता दाखवायची की काही वर्षांनी, हे त्यावर ठरवता येते.