पंगत, खाणावळ आणि इटालियन मेज

मिठागरांच्या आणि खारजमिनींच्या ज्या मुलखाला १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका मिळाली, त्या मीरा-भाईंदरमध्ये लग्नाचा वाढदिवस, मुलाचा निकाल किंवा नव्या नोकरीचा आनंद साजरा करावयाचा झाल्यास पास्ता, रिसोतो आणि भट्टीत भाजलेला पिझ्झा मागविण्याची रीत आता मध्यमवर्गीय कुटुंबांतही रूढ झाली आहे. आणि ज्यांना अधिक निवांत, अधिक उंची असे इटालियन मेज हवे असते, ते दहिसरचा नाका ओलांडून द्रुतगती मार्गाने सांताक्रूझ-वांद्र्यापर्यंत जातात. हा शौक अलीकडचा दिसतो खरा. परंतु अनोळखी माणसाने रांधलेले अन्न, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून, उघडपणे आणि आनंदाने खाण्याची मुभा या समाजाने स्वतःला कशी दिली, हे पाहू गेल्यास इतिहास बराच मागे न्यावा लागतो.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली आणि गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली, तेव्हा रानडे आणि टिळक यांच्यासारखे पुरुषही त्या वादळातून सुटले नाहीत. ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताच्या प्रश्नाने पुण्याचे समाजजीवन ढवळून निघाले. एका पेल्याने जिथे एवढे घडत होते, तिथे परक्या देशाचे ताट पुढे ओढून घेणे ही कल्पनेतही न बसणारी गोष्ट होती.

त्याच काळात हिंदुस्थानात इटालियन हातचे खाद्य मिळत नव्हते असे मात्र नाही. पिडमाँट प्रांतातील फेदेरिको पेलिती हा १८६९ साली लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयचा मिठाईकार म्हणून येथे आला आणि कलकत्ता व सिमला येथे त्याची उपाहारगृहे नावारूपास आली. मुंबईच्या कोट विभागात विसाव्या शतकाच्या आरंभी दोन इटालियन बंधूंनी मोंजिनी या नावाने व्यवसाय चालविला. १९५८ साली तो खोराकीवाला कुटुंबाकडे आला आणि पुढे केकच्या दुकानांच्या रूपाने ते नाव उपनगरांतील घरोघरी पोहोचले. परंतु या संस्थांचा मूळ आश्रयदाता वर्ग युरोपियन होता. सामान्य मराठी माणसाला बाहेर बसून खाण्याची सवय लावली ती वेगळ्याच लोकांनी: गिरणगावातील खाणावळी चालविणाऱ्या बायांनी, नाक्यानाक्यावरच्या इराण्यांनी, १९१० च्या सुमारास दादरला उपाहारगृह काढणाऱ्या मामा काण्यांनी आणि दक्षिण कानड्यातून आलेल्या उडुपी हॉटेलवाल्यांनी. माटुंग्याचे रामा नायक यांचे बोर्डिंग १९४२ चे. या सर्वांनी स्वच्छता, ठरलेला दर आणि वेळेवर मिळणारे ताट यांच्या बळावर सोवळ्याचा किल्ला दरवाजा न फोडताच निकामी केला, आणि माझ्या मते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात त्यांची नोंद सुधारकांच्या शेजारीच व्हावयास हवी. मीरा रोड आणि भाईंदरच्या स्थानकांबाहेर इमारती उठू लागल्या तेव्हा त्यांच्या तळमजल्यांवर जी शेट्टींची हॉटेले आली, ती याच परंपरेतली.

उंची इटालियन भोजन मुंबईत प्रथम रुजले ते पंचतारांकित हॉटेलांत. मात्र मध्यमवर्गापर्यंत ते पोहोचविण्याचे श्रेय मोठ्या अंशी पुण्याकडे जाते. तेथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या एका शाकाहारी इटालियन उपाहारगृहातून ‘लिटल इटली’ ही साखळी वाढली. पुढे २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, नाशिकची वाइन मेजावर आली आणि त्या जेवणाचा सोहळा अधिक पूर्ण झाला. गुजराती, मारवाडी आणि जैन कुटुंबांची वस्ती दाट असलेल्या भाईंदरमध्ये कांदा-लसणाविना रांधलेला पास्ता मागितला जातो आणि तो मिळतोही. रसिक म्हणविणारे काही लोक यास भ्रष्टता मानतात. मला ते मान्य नाही. ज्या टोमॅटोविना आज इटलीची कल्पना करवत नाही, तो स्वतः अमेरिकेतून तेथे गेलेला पाहुणा आहे, आणि त्याच्या सॉसची कृती आंतोनियो लातिनी याच्या नेपल्समध्ये १६९२ पासून छापल्या गेलेल्या पाकग्रंथात आढळते, तीही ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून. अन्नाच्या बाबतीत शुद्धतेचा दाखला मागणाऱ्याला कोणत्याच देशाच्या दप्तरात तो सापडणार नाही.

याच नेपल्सहून निघालेला जेमेल्ली कारेरी नावाचा विधिज्ञ प्रवासी १६९५ साली वसईस आला होता. जगप्रदक्षिणेस निघालेल्या या गृहस्थाने पोर्तुगीजांच्या त्या वैभवशाली शहराचे आणि तेथील रोगराईचे वर्णन केले, खाडी ओलांडून साष्टीत प्रवेश केला आणि कान्हेरीची लेणी पाहिली. त्याचे प्रवासवर्णन १६९९ पासून नेपल्समध्येच प्रसिद्ध होऊ लागले. भाईंदर, घोडबंदर, उत्तन, डोंगरी हा साष्टीचा सारा उत्तर किनारा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी, उत्तनकडचे धारावी बेट आणि अखेर वसई जिंकून तो अंमल संपविला. परंतु राज्य गेले तरी चुलीवरचे संस्कार गेले नाहीत.

उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन घरांत आजही ते जिवंत आहेत. पीठ आंबवून फुगविलेल्या आणि नारळाचे दूध घालून तळलेल्या फुगिया, शिरक्यात मुरविलेले इंडियाल, सणावाराला डुकराच्या मांसाचे सरपातेल, वलांडीवर वाळणारे बोंबील, आणि उन्हाळ्यात अनेक जिन्नस भाजून-कुटून काळ्या बाटल्यांत भरून ठेवलेला बाटली मसाला: ही पाकपरंपरा जुनी आहे, समृद्ध आहे आणि भूमध्य समुद्राच्या काठच्या पाककलेशी तिचे नाते दूरचे असले तरी खरे आहे. ताजी मासळी, आंबवलेले पीठ, शिरका आणि उत्सवाला भरणारा पेला यांवर दोन्ही उभ्या आहेत. फरक असा की इकडे त्यांत कोकणचा नारळ आणि साष्टीचा तांदूळ मिसळला. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव या स्थानिक ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये आपली संस्था स्थापन करताना अधिकृतपणे धारण केले. स्वयंपाक त्याहून कितीतरी आधीचा.

आणि म्हणूनच मनाला एक गोष्ट लागते. इटलीचे ताट शहरात यावे याविषयी माझी तक्रार नाही, कारण ते आदराने आणि श्रमाने येथवर आणले गेले आहे. परंतु भाईंदर स्थानकापासून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत अवघ्या तासाभराचा देखील रस्ता नसताना, मीरा रोडच्या उंची उपाहारगृहात बसलेल्या कुटुंबाला रिसोतोचे बारकावे ठाऊक असतात आणि फुगियांचे नाव ठाऊक नसते. स्वच्छ कापड अंथरलेल्या मेजावर, अदबीने, दर लिहिलेल्या पत्रकानुसार इंडियाल वाढणारे ठिकाण या महानगरपालिकेच्या हद्दीत विरळाच. ते चाखावयाचे तर अजूनही उत्तनकरांच्या घरच्या लग्नाचे आमंत्रण यावे लागते.