वणिकर मामाजी

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर धाकट्या भाचीने विचारलं, "आंधळगावच्या आबाजींना सगळे 'वणिकर' काऊन म्हणतात? आपलं आडनाव तर वेगळंच आहे." यावर कुणी हसण्याचे चेहरे टाकले, कुणी अंगठे. नीट उत्तर कुणीच दिलं नाही, आणि ते द्यायची जबाबदारी माझीच आहे. कारण ते नाव मामाजींना मी दिलं. मी म्हणजे मी आणि माझ्या हातातलं एक यंत्र. ग्रुपवर एवढं मोठं टंकणं शक्य नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी आमच्याकडच्या नसलेल्यांसाठी: आंधळगाव भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. कोशाच्या कापडाचं गाव. मामाजींच्या घरी तेव्हा दोन माग चालू होते आणि देवळीत लाल कापडी बांधणीच्या वह्या. कुणाला किती सूत तोलून दिलं, त्याचं किती कापड आलं, किती पैसे उचल, किती बाकी. घरात दुसऱ्या कशावरून झालं नसेल एवढं भांडण त्या वह्यांवरून झालेलं आहे. सुताचं वजन आणि कापडाचं वजन यांत फरक निघाला की तो कोणी खाल्ला, हा प्रश्न उभा राहायचाच.

मी तेव्हा नागपुरात नोकरीला होतो आणि लिनक्सच्या नादी लागलेलो होतो. २००५ च्या मे महिन्यात एका मित्राकडून जुना हँडहेल्ड संगणक घेतला आणि ठरवलं, की मामाजींच्या वह्या यात घालायच्या. वय आणि उत्साह, दुसरं काय!

हे हँडहेल्ड म्हणजे काय, ते आता सांगावं लागेल. तळहाताएवढा संगणक, काडीने टोचून चालवायचा, आणि फोन नाही. २००० साली कॉम्पॅक कंपनीने आयपॅक नावाचा असा संगणक काढला. आत २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश. (आज फोनवर काढलेले चार फोटो त्यात मावणार नाहीत.) तो यायचा मायक्रोसॉफ्टच्या पॉकेट पीसीसकट. पण कॉम्पॅकच्याच केंब्रिजच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या मंडळींनी त्यावर लिनक्स चढवून दाखवलं. त्यांत जिम गेटीस होते. लिनक्सवर खिडक्या दिसतात त्या एक्स विंडो प्रणालीच्या मूळ कर्त्यांपैकी एक. मग हँडहेल्ड्स डॉट ऑर्ग नावाचं संकेतस्थळ उभं राहिलं, आणि फॅमिलियर नावाचं खास या यंत्रांसाठीचं लिनक्स तयार झालं. जगभरची माणसं फुकट राबत होती.

आपल्याकडे हेच स्वप्न बंगळूरला चालू होतं. १९९८ मध्ये तिथल्या एका चर्चासत्रातून सिंप्युटरची कल्पना निघाली, भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर कंपनीचे लोक एकत्र आले, आणि एप्रिल २००१ मध्ये त्यांनी नमुना दाखवला. स्वस्त, साधा, अनेक भाषांत चालणारा, आत लिनक्स. त्यात स्मार्ट कार्डाची खाच होती: यंत्र गावाचं एक, कार्ड ज्याचं त्याचं. वाचता न येणाऱ्यासाठी मजकूर बोलून दाखवायची सोय होती. मार्च २००४ मध्ये अमिडा नावाने तो विक्रीला आला. पन्नास हजार खपतील अशी आशा होती, खपले काही हजार. मला तो बघायलाही मिळाला नाही, म्हणून हा मित्राचा जुना.

तर चढवलं लिनक्स. मोठ्या संगणकावर सीडी टाकून करतात तसं नव्हतं ते. सीरियल केबल लावायची, आधी फ्लॅशच्या सुरुवातीच्या २५६ केबीमध्ये बूटलोडर लिहायचा, मग त्याच्याकरवी बाकीचं सगळं एका केबलीतून थेंबथेंब सोडायचं. बूटलोडर लिहिताना वीज गेली किंवा केबल निघाली तर यंत्राची वीट. आणि कुठे? विदर्भातल्या खेड्यात, भारनियमनाच्या दिवसांत! मी शहाणपणा करून ते काम नागपुरात रात्री दोन वाजता उरकलं. तरीही पुढच्या टप्प्यात केबलीला माझाच पाय लागला आणि निम्म्यातून पुन्हा सुरुवात करावी लागली.

त्यानंतरच्या किरकोळ तक्रारी भराभर सांगतो. टोचावं एकीकडे आणि उमटावं दुसरीकडे. त्याला पडद्यावरच्या फुल्यांवर काडी टेकवून हिशोब जुळवून द्यावा लागे. झोपवलं की कधी कधी उठायचंच नाही. बॅटरी पार उतरली की घड्याळ १ जानेवारी १९७० ला जाऊन बसे, पहाटे साडेपाचला. युनिक्सचा काळ तिथून सुरू होतो, आणि साडेपाच तास आपण ग्रिनिचच्या पुढे, म्हणून. मामाजींना हे फार आवडलं. १९७० मध्ये त्यांचं लग्न व्हायचं होतं. पण एक चांगलं होतं. पॉकेट पीसीत घातलेली माहिती रॅममध्ये असे, बॅटरी मेली की तीही गेली. लिनक्सची फ्लॅशमध्ये राही. आंधळगावात हा फरक मोठाच.

खरं दुखणं पुढे होतं. एका वहीची चार पानं मी नागपुरात संगणकावर मराठीत टंकली, यंत्रात घातली आणि गावी घेऊन गेलो. पहिल्यांदा सगळे चौकोन. देवनागरीचा फाँटच नव्हता. तो टाकला. अक्षरं उमटली. मामाजींनी चष्मा लावला. वरती मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं: आंधळगाव, ता. मोहाडी. अगदी बरोबर दिसत होतं. त्याखाली "विणकर" आणि त्यांचं नाव.

"हे काय लिवलं बे? वणिकर?"

पाहतो तर खरंच वणिकर. खाली "दिवस"चा "दविस" झालेला. जोडाक्षरं मोडून पाय तुटल्यासारखी पडलेली.

गंमत अशी, की यात चूक कुणाचीच नव्हती. युनिकोडने देवनागरीची मांडणी आपल्या भारतीय मानकावरून, इस्कीवरून, घेतली. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात. आधी व, मग त्याची ऱ्हस्व वेलांटी, मग ण. कागदावर मात्र आपण ती वेलांटी व च्या आधी काढतो. म्हणजे साठवलेल्या क्रमातून दिसणारा क्रम तयार करणारा कुणीतरी मध्ये लागतो. तो नसला की वेलांटी व च्या मागे येते आणि वाचणारा ती पुढच्या ण ला चिकटवतो. आंधळगाव आणि मोहाडी बचावले, कारण त्यांत ऱ्हस्व वेलांटी नाही आणि जोडाक्षरही नाही. (त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांना हा त्रास नव्हता. ते ज्याचा त्याचा फाँट वापरत आणि वेलांटी सरळ आधीच टंकत. दिसायला सुंदर, पण शोधायला गेलं तर एक शब्द सापडायचा नाही.)

हा मधला कारागीर कुठे होता? मोठ्या लिनक्सवर तोवर आलेला होता. मुंबईत जुहूला एनसीएसटी या संस्थेत इंडिक्स नावाने लिनक्सवर भारतीय लिपी आणण्याचं काम झालं. ती संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिथेच र. कृ. जोशी होते. सुलेखनकार, कवी, आयआयटीच्या आयडीसीत शिकवलेले. विंडोज २००० मधला मंगल फाँट त्यांचा, आणि रघू हा मुक्त परवान्याचा फाँटही त्यांचा. आपण रोज ज्या अक्षरात वाचायचो ते या माणसाच्या हातचं, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. २००८ मध्ये ते गेले. आणि ओवेन टेलर प्रभृतींनी पँगो नावाची लायब्ररी केली होती, जगातल्या सगळ्या लिप्या जुळवणारी. २००२ मध्ये आलेल्या जीटीके २ ने ती आत घेतली.

फॅमिलियरमध्ये दोन तोंडवळे निवडता येत, ओपी आणि जीपीई. ओपी चटपटीत, म्हणून मी तो घेतला होता. तो क्यूटीच्या जुन्या आवृत्तीवर उभा होता, आणि क्यूटीला भारतीय लिप्या ३.२ पासून, म्हणजे २००३ मध्ये, जमायला लागल्या. मग सगळं पुसून जीपीई चढवला, कारण तो जीटीकेवर. तरीही वणिकर! जागा वाचवायला पँगोचे तुकडे करून ठेवलेले होते, आणि भारतीय लिप्यांचा तुकडा वेगळा मागवून घ्यावा लागे. मागवला. तरीही वणिकर. तुकडा आला आहे हे पँगोला कळण्यासाठी त्याची यादी पुन्हा बनवणारी एक आज्ञा द्यावी लागते, हे कळायला मला तीन आठवडे लागले. दिवाळीच्या आधी एका रात्री ती दिली आणि पडद्यावर "विणकर" उमटलं. मी एकटाच खोलीत ओरडलो.

दिवाळीला पुन्हा आंधळगाव. मामाजींनी पहिली ओळ वाचून मान डोलावली. मग पुढे गेले आणि थांबले. "दुसऱ्या मागाचे सूत" या ओळीत ऱ्या तुटला होता. र चा सुटा पाय आणि शेजारी या. आता हा आपला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही. हिंदी वाचणाऱ्याला तो मोडला हे कळणारही नाही. युनिकोडमध्ये तो ज्या टिंबवाल्या ऱ वर उभा आहे, ते अक्षर मुळात द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत लिहिण्यासाठी म्हणून नोंदलेलं आहे. मी घातलेल्या फाँटात ऱ होता, पण त्याची पापणी कुणी काढलेली नव्हती. आणि मामाजींच्या वहीत "दुसऱ्या" शब्द पानोपानी. माग दोनच होते ना.

ते यंत्र त्यांनी अलगद माझ्या हातात दिलं. रागावले नाहीत. "अक्षर हललं तं हिशेब हलते, बाबू," एवढंच म्हणाले. नंतर त्या पानांवरून कुणी भांडलं असतं आणि तुटलेला आकडा नि तुटलेलं अक्षर दाखवलं असतं, तर त्यांनी कुणाला काय सांगितलं असतं? मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटतं, त्यांच्या जागी मीही वहीच ठेवली असती.

फॅमिलियरची शेवटची आवृत्ती २००६ मध्ये निघाली. पुढच्या वर्षी आयफोन आला आणि हँडहेल्ड हा शब्दच गेला. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला, त्याच्याही पोटात लिनक्सच. मी २०१० मध्ये हौसेने एक घेतला, मराठी पान उघडलं.. आणि चौकोन! दहा वर्षांत शेकडो लोकांनी सोडवलेलं गणित पुन्हा पहिल्यापासून. अँड्रॉइडला देवनागरी नीट दिसू लागली २०११ च्या अखेरीस आलेल्या ४.० पासून. ते जुळवण्याचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि तिची मुळं पँगो नि क्यूटीच्या लोकांच्या जुन्या कामात आहेत. म्हणजे माझ्या त्या तीन आठवड्यांतला तो कारागीर, फिरून फिरून, मामाजींच्या खिशात पोचला.

मामाजींचा आता एकच माग उरलाय, तोही रोज चालत नाही. फोन मात्र दिवसभर. परवा भाचीचा प्रश्न वाचून त्यांनी स्वतःच ग्रुपवर लिहिलं, "तुह्या काकाले विचार." ऱ्हस्व वेलांटी बरोबर जागी. आणि मग मी पाहिलं, त्यांनी फोनवर स्वतःचं नाव काय ठेवलंय ते: वणिकर.