"परत वाजला वाटतं!"

पतसंस्थेचा, सोनाराच्या दुकानाचा किंवा देवळाचा सायरन रात्री वाजला की आपल्याकडे कूस बदलून हेच म्हणतात. उठून बघायला कुणी जात नाही. मी अलार्म दुरुस्तीचं काम करतो, म्हणून यामागचा इतिहास जरा सविस्तर लिहितोय. वेळ काढून वाचा.

विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट ऑगस्टस रसेल पोप यांनी 1853 साली अमेरिकेत घेतलं. दार उघडलं की सर्किट जोडलं जायचं आणि घंटा वाजायची. पुढे एडविन होम्स यांनी हे हक्क विकत घेऊन न्यूयॉर्कमध्ये धंदा उभा केला. पण या पद्धतीत एक मोठी गोम होती. वायर तुटली, किंवा कुणी मुद्दाम कापली, तर घंटा कायमची मुकी! आणि मालकाला पत्ताच नाही.

मग उलटा विचार झाला. वायरीतून करंट सतत वाहता ठेवायचा, तो थांबला की अलार्म. आता वायर कापली तरी बोंब होणार. पण चोरही शहाणे. त्यांनी दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाकल्या, म्हणजे दार उघडलं तरी करंट चालूच. त्यावर उपाय म्हणून वायरीच्या शेवटी, सेन्सरपाशी, एक छोटा रेझिस्टर बसवायला लागले. पॅनेल त्याचा ठरलेला आकडा सतत मोजतं. वायर तुटली तर आकडा बदलतो, शॉर्ट झाली तरी बदलतो.

आता आपल्याकडे काय चालतं बघा. हा काही रुपयांचा रेझिस्टर सेन्सरपाशी न लावता बरेच जण पॅनेलच्या डब्यातच खोचून देतात. काम लवकर उरकतं. पण मग बाहेर वायर कुठेही शॉर्ट झाली तरी पॅनेलला सगळं ठीकच दिसतं. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांची अक्कल पाण्यात!

दुसरा प्रकार खोट्या अलार्मचा. उंदरानं वायर कुरतडली, पावसाळ्यात जॉइंटला गंज चढला, सेन्सरवर पाल फिरली की सायरन वाजतो. शोधणं अवघड नसतं. सगळी दारं बंद ठेवून त्या झोनच्या दोन्ही वायरी पॅनेलमधून सोडवायच्या आणि मल्टिमीटर लावायचा. रेझिस्टरचा आकडा आला तर वायर ठीक. शून्याजवळ आला तर शॉर्ट, काहीच आलं नाही तर वायर तुटलेली. आकडा नाचत असेल तर जॉइंट सैल किंवा ओलसर. मग वायर मधोमध सोडवून कोणत्या अर्ध्यात दोष आहे ते बघत जायचं. पण एवढं करतो कोण? झोन 'बायपास' करून मोकळे होतात. तो बायपास मग वर्षानुवर्षं तसाच.

याची किंमत लंडनच्या हॅटन गार्डननं मोजली. एप्रिल 2015, ईस्टरच्या सुट्ट्या. चोरांनी टेलिफोनची केबल कापली, तरीही अलार्मचा संदेश बाहेर गेला. पोलिसांना फोनही झाला. पण जाण्याची गरज नाही असं ठरवून कुणी आलं नाही. सुरक्षारक्षक आला, दारं जागेवर दिसली, परत गेला. चोरांनी 50 सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची भिंत फोडून सुमारे 1 कोटी 40 लाख पौंडांचा ऐवज नेला. यंत्रानं आपलं काम केलं होतं, माणसांनी केलं नाही.

आपल्या पतसंस्थेत गावाचं सोनं तारण असतं, देवळात देवाचे दागिने असतात. म्हणून पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा. किती झोन बायपास आहेत? रेझिस्टर कुठे बसवलाय? दार उघडून, वायर सोडवून शेवटची चाचणी कधी घेतली? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. आणि आज रात्री सायरन वाजला, तर कृपया उठून बघा.