लॅपटॉपमधील स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड व लिनक्स

मुख्य प्रक्रियकात अंतर्भूत असलेल्या चित्रप्रक्रियकाखेरीज काही लॅपटॉपमध्ये दुसरा, अधिक शक्तिशाली चित्रप्रक्रियक बसविलेला असतो. त्यास स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड म्हणतात. त्रिमितीय आलेखन, चलच्चित्र-संपादन, खेळ इ. कामांस ते उपयुक्त असले, तरी त्यास वीज पुष्कळ लागते. म्हणून ते गरजेपुरतेच चालविण्याच्या पद्धती निघाल्या. लिनक्स परिचालन प्रणालीत त्या रुळण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. यातील अडचण जितकी तांत्रिक, तितकीच आज्ञावलीच्या मालकीची होती.

एनव्हिडिया कंपनीने २०१० मध्ये ऑप्टिमस ही पद्धती आणली. तीत पडदा अंतर्भूत चित्रप्रक्रियकासच जोडलेला असतो. स्वतंत्र कार्डाने तयार केलेले चित्र त्याच्या स्मृतीत उतरवावे लागते. त्यासाठी दोहोंच्या ड्रायव्हर-आज्ञावल्यांत सहकार्य आवश्यक असते. लिनक्सचा गाभा मुक्त परवान्याखाली आहे, तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर बंदिस्त होता. परिणामी कार्ड निकामी राही किंवा विनाकारण वीज खाई. २०११ मध्ये स्वयंसेवकांनी बंबलबी ही आज्ञावली रचली. तीत दुसरा, अदृश्य चित्र-सेवक चालवून त्याचे चित्र मुख्य पडद्यावर आणीत. २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात स्मृती वाटून घेण्याची सामाईक यंत्रणा आली. परंतु ती बंदिस्त ड्रायव्हरास खुली करण्यास ॲलन कॉक्स प्रभृती विकासकांनी नकार दिला. त्याच वर्षी लिनक्सचे जनक लीनस टॉरव्हॉल्ड्स यांनी फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात या कंपनीवर जाहीरपणे कठोर टीका केली.

एएमडी कंपनीने २००७ पासून आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्यास आरंभ केला होता. त्यामुळे तिचे ड्रायव्हर गाभ्यातच समाविष्ट झाले. एनव्हिडियाने निवडक कामे स्वतंत्र कार्डाकडे सोपविण्याची अधिकृत सोय २०१९ मध्ये दिली व २०२२ मध्ये ड्रायव्हरचा गाभ्याशी निगडित भाग मुक्त केला. तथापि त्यातील बरेचसे कार्य कार्डावरील बंदिस्त आज्ञावलीकडे गेलेले आहे.

भारतातही हा प्रश्न अप्रस्तुत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची बॉस ही प्रणाली डेबियनवर आधारित असून डेबियन एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर मुक्त आज्ञावल्यांच्या मुख्य संग्रहाबाहेर ठेवते. विकत घेतलेले यंत्र कोणत्या प्रणालीवर चालावे, हे ठरविण्याचा ग्राहकाचा अधिकार निर्मात्याने माहिती उघड करण्यावर किती अवलंबून असतो, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.